एकच डबकं धरून बसा : खडकातला ब्लेनी पाहायला शिकताना

ओहोटीला उघड्या पडलेल्या खडकात ओंजळभर पाणी साचलेलं असतं. त्याच्या कडेला एक भोक असतं, जेमतेम बोट जाईल एवढं. तुम्ही त्याच्याकडे पाहत बसता. पहिली पाच-सात मिनिटं तिथे काळोखाशिवाय काही नसतं. मग कधीतरी लक्षात येतं की त्या काळोखाला दोन डोळे आहेत. एक डोळा तुमच्यावर रोखलेला, दुसरा भलत्याच दिशेला फिरतोय. जाड ओठ, उभं कपाळ, आणि डोळ्यांच्या वर दोन बारीक झिरमिळ्या, पाणी हललं की हलणाऱ्या. हा ब्लेनी मासा. आणि खरं सांगायचं तर तुम्ही त्याला पाहण्याच्या बऱ्याच आधीपासून तो तुम्हाला पाहत होता.

नव्या लोकांना खडकांवर घेऊन जाते तेव्हा परतताना बहुतेकांचं म्हणणं सारखंच असतं : खेकडे दिसले, शंख दिसले, मासे मात्र नव्हते. मासे होते. आपण त्यांच्या डोक्यावरून चालत गेलो, आपली सावली त्यांच्या अंगावरून फिरली आणि ते आत सरकले. म्हणून या लेखात मी जे काही सांगणार आहे ते सगळं एकाच गोष्टीभोवती आहे. किनारा पालथा घालू नका. एक डबकं निवडा, त्याच्यापाशी बसा, आणि पुढच्या ओहोटीला पुन्हा त्याच डबक्यापाशी या.

आधी माशाची ओळख

ब्लेनी हे एका माशाचं नाव नाही, अख्ख्या कुळाचं आहे. जगभरात या कुळातल्या सुमारे 400 जाती आहेत. बहुतेक उथळ पाण्यात, खडकांच्या नाहीतर प्रवाळांच्या आसऱ्याने राहतात. आकाराने बहुतेक वीतभराच्या आतले, कित्येक तर करंगळीएवढेच. ब्लेनी हे नाव ग्रीक भाषेतल्या शेंबूड या अर्थाच्या शब्दावरून आलं आहे. ऐकायला बरं वाटत नाही, पण नाव अगदी नेमकं आहे. या माशाच्या अंगावर खवले नसतात, त्याऐवजी बुळबुळीत चिकट थर असतो. खडबडीत खडकाच्या फटीतून अंग ओढत जाताना हा थर कातडीला जपतो आणि पाणी ओसरल्यावर ती लवकर सुकू देत नाही. हे लक्षात ठेवा, पुढे हात लावायचा की नाही हा प्रश्न येईल तेव्हा याचीच गरज पडेल.

रंगावरून ओळखायला जाऊ नका. करडा, तपकिरी, शेवाळी, ठिपक्यांचा, पट्ट्यांचा, कसाही असू शकतो, आणि तोच मासा तासाभरात गडद किंवा फिका होतो. त्याची बसण्याची पद्धत पाहा. ब्लेनी पोहता पोहता थांबला की तळाशी टेकतो, पाण्यात तरंगत राहत नाही. बहुतेक माशांच्या पोटात हवेची पिशवी असते, तिच्या जोरावर ते पाण्यात अधांतरी राहू शकतात. मोठ्या झालेल्या बहुतेक ब्लेनींना ही पिशवी नसते. लाटांच्या माऱ्यात राहणाऱ्या माशाला तरंगून करायचंय काय? त्याला खडकाला बिलगून राहायचं असतं. म्हणून तो पोटाखालचे दोन पर टेकून बसतो. हे पर पुढे, जवळजवळ गळ्याखाली असतात, आणि इतके बारीक की पर न वाटता दोन बोटं वाटतात. त्यांवर रेलून, डोकं थोडं वर करून, शेपूट एका बाजूला वळवून बसलेला छोटा मासा दिसला तर तो ब्लेनी असण्याची शक्यता पुष्कळ.

गल्लत होते ती गोबी माशांशी. तेही त्याच डबक्यांत असतात, तेही तळाशी बसतात. फरक पाठीवर पाहा. गोबीच्या पाठीवर सहसा दोन वेगळे पर असतात, एकामागे एक. ब्लेनीच्या पाठीवर मानेपासून शेपटीपर्यंत एकच लांबलचक पर असतो, कधी कधी मध्ये खाच असलेला. गोबीच्या पोटाखालचे पर बहुधा जोडले जाऊन वाटीसारखे झालेले असतात, ब्लेनीचे सुटे असतात. शिवाय गोबीला बहुधा खवले असतात. चिखलात उड्या मारणाऱ्या निवट्याही गोबींच्याच नात्यातल्या. त्यांचे डोळे बेडकासारखे डोक्यावर उभे असतात आणि त्यांना मऊ चिखल लागतो. ब्लेनीला लागतो तो खडक.

झिरमिळ्यांवर मात्र फार विसंबू नका. पुस्तकी चित्रांमुळे नव्या माणसाला वाटतं की डोळ्यांवर झिरमिळ्या नाहीत म्हणजे ब्लेनी नाही. युरोपच्या अटलांटिक किनाऱ्यावरचा शॅनी हा या कुळातला सर्वांत ओळखीच्या माशांपैकी एक. सजीवांना शास्त्रीय नावं देण्याची पद्धत रूढ करणाऱ्या लिनियसने 1758 मध्येच त्याला शास्त्रीय नाव दिलं. त्याच्या डोक्यावर एकही झिरमिळी नसते. त्याच खडकांवरच्या मॉन्टेग्यूज ब्लेनीला दोन डोळ्यांच्या मधोमध झालरीसारखा तुरा असतो, तर थोड्या खोल पाण्यातल्या टॉमपॉट ब्लेनीच्या डोळ्यांवर फांद्या फुटल्यासारख्या मोठ्या झिरमिळ्या असतात. म्हणजे जात ओळखायला झिरमिळी उपयोगी पडते, कूळ ओळखायला नाही.

ओहोटी कशी निवडायची

भरती-ओहोटीचं वेळापत्रक पाहायला शिकल्याशिवाय खडकांवर पाऊल ठेवू नका. बहुतेक किनाऱ्यांवर दिवसाकाठी दोन भरत्या आणि दोन ओहोट्या होतात, आणि प्रत्येक दिवशी त्यांची वेळ साधारण 50 मिनिटांनी पुढे सरकते. आज सकाळी आठला ओहोटी असेल तर उद्या नऊच्या थोडी आधी. अमावस्या-पौर्णिमेच्या सुमारास, बहुधा एक-दोन दिवस नंतर, उधाणाची भरती येते. तेव्हा पाणी खूप वर चढतं आणि खूप खाली उतरतं. अष्टमीच्या आसपास भांगाची भरती असते, तेव्हा हा फरक कमी असतो.

वेळापत्रकात नवी माणसं फक्त वेळ पाहतात. वेळेच्या शेजारी पाण्याची उंची दिलेली असते, ती जास्त महत्त्वाची. आकडा जितका लहान तितका किनारा जास्त उघडा पडणार.

पण इथे एक गोष्ट माझ्या मते उलटी आहे. प्रवाळ, स्पंज, समुद्री गोगलगायी पाहायच्या तर सर्वांत खोल ओहोटी गाठायला हवी, हे बरोबर. उड्या मारणारे, फटींत राहणारे बरेचसे ब्लेनी मात्र किनाऱ्याच्या मधल्या आणि वरच्या पट्ट्यात असतात. ती डबकी साध्या ओहोटीलाही उघडी पडतात आणि जास्त वेळ उघडी राहतात. त्यामुळे उधाणाच्या दिवसाची वाट पाहत बसण्याची गरज नाही, आणि शिकाऊ माणसाला पाण्याच्या अगदी काठापर्यंत जाण्याचीही गरज नाही.

ओहोटीच्या वेळेच्या दीड-दोन तास आधी पोचा. पाणी उतरत असताना त्याच्या मागोमाग खाली जा आणि पाणी फिरलं की वर यायला लागा. सकाळची किंवा उतरत्या दुपारची ओहोटी घ्या. भर दुपारी डबकी तापतात, मासे फटींत खोल जाऊन बसतात, आणि वरून पडणाऱ्या उन्हाने पाण्यावर चकाकी येते ती वेगळीच.

सोबत काय

फार काही नको. तळव्याला पकड असलेले, ओले झाले तरी चालतील असे आणि बोटं झाकणारे बूट घाला. चप्पल नको. बार्नेकल, म्हणजे खडकाला चिकटलेली ती छोट्या ज्वालामुखीसारखी दिसणारी पांढरी कवचं, पाय सोलून काढतात. चकाकी कापणारा पोलराइज्ड चष्मा असेल तर जरूर घ्या, एवढ्या एका वस्तूने दिसणाऱ्या माशांची संख्या बदलते. बसायला जाड रबराचा तुकडा, पिण्याचं पाणी, टोपी, पेन्सिल आणि वही. पेन नको, ओलं झालं की शाई पसरते. घड्याळ हवंच, आणि भरतीची वेळ वहीच्या पहिल्या ओळीत लिहून ठेवा. एकटं जाऊ नका. समुद्राकडे पूर्ण पाठ करून बसू नका, मासा कितीही सुंदर असला तरी.

जाळी मात्र घरी ठेवा. जाळी हातात असली की माणूस पाहणं सोडून पकडायला लागतो.

डबकं निवडणं

इथे घाई करू नका, कारण हेच तुमचं डबकं होणार आहे.

मोठं डबकं चांगलं असा समज असतो. नव्या माणसाने उलट छोटं निवडावं, परातीएवढं किंवा फार तर बाथटबएवढं. सगळं एका नजरेत मावलं पाहिजे. काठाला भोकं, भेगा, पुढे आलेली खडकाची पाळ असावी. सपाट, उघडं, वाळूच्या तळाचं डबकं दिसायला स्वच्छ असतं, पण ब्लेनीच्या दृष्टीने ते दारं-खिडक्या नसलेलं घर. कडेला बार्नेकल असावेत, खडकावर शेवाळाची पातळ साय असावी. पाण्यात बोट बुडवून पाहा. अंघोळीच्या पाण्यासारखं गरम लागलं तर थोडं खाली सरका. वरच्या डबक्यांत उन्हाने पाणी तापतं आणि तापलेल्या पाण्यात प्राणवायू कमी मावतो. पाऊस पडला तर तेच पाणी अळणी होतं. रात्री शेवाळ प्राणवायू तयार करत नाही, वापरतं, त्यामुळे पहाटेपर्यंत त्याची टंचाई होते. एका डबक्यात एका दिवसात एवढं सगळं घडतं आणि तरी काही मासे तिथेच राहतात, हे मला दर वेळी नव्याने थक्क करतं.

ते राहू शकतात कारण बरेच ब्लेनी हवेतही श्वास घेऊ शकतात, कल्ल्यांतून आणि ओल्या कातडीतून. शॅनी ओहोटीच्या वेळी पाण्याबाहेर, ओल्या दगडाखाली किंवा शेवाळाखाली पडून राहतो आणि पाणी परत आलं की निघून जातो. पॅसिफिकमधल्या ग्वाम बेटावरचा उड्या मारणारा ब्लेनी तर यापुढे गेला आहे. मोठा झाल्यावर तो जवळजवळ सगळं आयुष्य लाटांचे तुषार उडणाऱ्या खडकावर, पाण्याबाहेर काढतो. शेपूट बाजूला वळवून खडकावर दाबतो आणि झटक्यात उडी घेतो. लाट आली की तो पाण्यात शिरत नाही, आणखी वर चढतो. पण अंग ओलं राहणं त्यालाही चुकत नाही. सुकला तर श्वास संपला. म्हणून डबकं निवडताना फक्त पाण्यात पाहू नका, पाण्याच्या रेषेच्या वरचा चार बोटं ओला खडकही पाहा. तिथे चिकटून बसलेला मासा पहिल्या नजरेला दगडाचा भागच वाटतो.

बसणं

आता खरं काम. डबक्याकडे जाताना सूर्य कुठे आहे ते बघा आणि आपली सावली पाण्यावर पडणार नाही अशा बाजूने या. पक्षी वरून झडप घालतात, त्यामुळे सरकती सावली म्हणजे धोका हे या माशांच्या अंगात भिनलेलं आहे. हळू चाला, शेवटची दोन पावलं वाकून टाका आणि बसा. उभं राहू नका. आभाळावर उभी आकृती पाण्यातून फार मोठी दिसते.

बसलात की दहा मिनिटं काहीही करायचं नाही. फोटो नाही, बोट दाखवणं नाही, पाण्यात हात नाही. बोललं तर फारसं बिघडत नाही, हललं तर बिघडतं. नजर सगळ्या डबक्यावर सैल ठेवा, एका जागी रोखू नका. काहीतरी हललं की नजर आपोआप जाते.

पहिल्यांदा बहुधा शंख चालायला लागतात. म्हणजे चालणारे ते शंख नव्हेत, रिकाम्या शंखात राहणारे साधू खेकडे. मग कोळंबीची काचेसारखी पिल्लं. त्यानंतर, कधी आठव्या मिनिटाला तर कधी विसाव्या, एखाद्या भोकाच्या तोंडाशी डोकं येतं. आता श्वाससुद्धा हळू घ्या. तो एकदा आत जाईल, पुन्हा येईल. दुसऱ्यांदा थोडा जास्त बाहेर. ब्लेनी भित्रा आहे पण तितकाच चौकस आहे. तुम्ही हलत नसाल तर तो तुमचा अंदाज घेतो आणि मग आपल्या कामाला लागतो. त्याने तुमच्याकडे दुर्लक्ष केलं तो क्षण खरा, त्याच्या आधी जे दिसतं ते सगळं घाबरलेल्या माशाचं वागणं असतं.

बाहेर आल्यावर तो काय करतो ते पाहा. खडकाला तोंड लावून झटके देत पुढे सरकत असेल तर तो शेवाळ खरवडतोय. या कुळातल्या अनेक माशांचे दात कंगव्यासारखे असतात, बारीक आणि एका ओळीत, काही जातींत शंभराहून जास्त. या दातांनी ते मासे शेवाळाबरोबर त्यातला बारीकसारीक गाळही उचलतात. बार्नेकलसमोर थबकून तो नेम धरून बसला असेल तर आणखी बारकाईने पाहा. बार्नेकल पाण्यात पिसासारखे पाय बाहेर काढून अन्न गोळा करतो, आणि मॉन्टेग्यूज ब्लेनी नेमके तेच पाय पटकन तोडून खातो. शॅनी यापेक्षा दांडगा, मजबूत जबड्याने अख्खा बार्नेकल उपटतो.

दोन ब्लेनी दिसले तर नशीब समजा. एक दुसऱ्याच्या भोकाजवळ गेला की आतला तोंड वासून बाहेर येतो, पाठीचा पर उभारतो, डोकं खाली-वर करतो. बहुतेक वेळा एवढ्यावर मिटतं. पाठलाग झालाच तर पराभूत मासा कधी कधी डबक्यातून उडी मारून शेजारच्या डबक्यात जातो, आणि हे इतक्या झटकन होतं की पाहणाऱ्याला फक्त टपकन आवाज येतो.

तो उडी मारून नेमका पाण्यातच कसा पडतो? खडकांत राहणाऱ्या काही माशांवर झालेल्या प्रयोगांतून असं दिसलं आहे की भरतीच्या वेळी, सगळं पाण्याखाली असताना, ते आपल्या परिसराची ठेवण शिकून घेतात आणि ओहोटीला ती आठवणीने वापरतात. शॅनीसारखे मासे दूर नेऊन सोडले तरी आपल्या ओळखीच्या जागी परततात असंही आढळलं आहे. तुम्ही पुढच्या खेपेला त्याच डबक्यापाशी गेलात तर तोच मासा भेटण्याची शक्यता आहे, ती याचमुळे.

दगड उलटायचा का

सुरुवातीच्या वर्षांत मी सर्रास दगड उलटायची. एकदा ताटाएवढा एक दगड उचलला तर त्याच्या खालच्या अंगाला मोहरीहून लहान, चकचकीत दाण्यांचा एकेरी थर चिकटलेला होता. जवळून पाहिलं तर प्रत्येक दाण्यात दोन काळे ठिपके होते. ते डोळे होते. शेजारी ओल्या वाळूत एक गडद मासा तडफडत पुन्हा दगडाच्या जागी शिरायला पाहत होता. मी घाबरून दगड पटकन खाली ठेवला, पण उलटा. अंडी वर, उन्हात. ते कळायलाही मला मिनिटभर लागलं. मग तो नीट बसवला, पण तोवर त्या बापाला किती भोगायला लागलं हे आठवलं की अजून वाईट वाटतं.

बाप म्हणाले ते मुद्दाम. या कुळात अंड्यांची राखण नर करतो. तो एखादं भोक, दगडाखालची पोकळी किंवा रिकामं कवच धरतो, मादी येऊन आतल्या छताला नाहीतर भिंतीला अंडी चिकटवून निघून जाते, बऱ्याचदा एकीमागून एक अशा अनेक माद्यांची अंडी एकाच घरात असतात. पिल्लं बाहेर पडेपर्यंत नर परांनी अंड्यांवर पाणी खेळवत राहतो आणि जवळ येणाऱ्याला हुसकावतो. या काळात शॅनीचा नर जवळजवळ काळा पडतो आणि ओठ पांढरे दिसतात. पिल्लं मग समुद्रात वाहत जातात आणि थोडी वाढल्यावर कुठल्या तरी खडकाळ किनाऱ्याला लागतात.

घरायोग्य भोक या माशांसाठी किती मोलाचं असतं याचं एक उदाहरण पोर्तुगालच्या रिया फॉर्मोसा खाजणातलं. तिथे पीकॉक ब्लेनी राहतो, पण खडक फार कमी. शिंपल्यांच्या शेतीच्या हद्दी दाखवायला टाकलेल्या विटांची भोकं हीच त्यांची घरं. घरं इतकी थोडी की तिथे नराने मादीला आळवण्याऐवजी माद्याच नरांना आळवतात, आणि ज्यांना घर मिळत नाही असे काही छोटे नर मादीसारखे दिसून-वागून दुसऱ्याच्या घरात शिरतात. एका भोकाच्या टंचाईने सगळी रीत फिरली.

म्हणून माझा सल्ला सरळ आहे : पहिल्या वर्षी दगड उलटूच नका. बसून पुरेसं दिसतं. पुढे कधी उलटलात तर दोन हातांनी उचलता येईल एवढाच उचला, आपल्याकडे ओढून उघडा म्हणजे आतला प्राणी समुद्राच्या बाजूला निसटू शकेल, अर्ध्या मिनिटात पाहून घ्या, आणि जसा होता तसाच, त्याच बाजूवर, त्याच खळगीत हळू ठेवा. अंडी दिसली तर पाहणंही तिथेच थांबवा.

भोकांत बोटं घालू नका. ब्लेनी चावतो, मोठा असेल तर कडकडून, आणि तो घाबरून चावतो. खडकांतले बहुतेक ब्लेनी विषारी नाहीत, तरी प्रवाळांच्या भागातल्या काही जातींना खालच्या जबड्यात लांब सुळे आणि त्यांच्या मुळाशी विषग्रंथी असतात. शिवाय भोकात कोण असेल सांगता येत नाही. उष्ण समुद्रांत दगडासारखा दिसणारा काटेरी स्टोनफिश, शंकूच्या आकाराचे विषारी शंख, समुद्री साळिंदर हे सगळे त्याच खडकांत असतात. सुंदर नक्षीचा शंकूसारखा शंख तर कधीच उचलू नका.

पकडू नये, आणि घरी तर नेऊच नये

पुष्कळ जण विचारतात, जवळून पाहायला डब्यात घेतला तर काय झालं? होतं ते असं. कोरड्या हाताने धरलं की तो चिकट थर हाताला लागून येतो आणि खवले नसलेली कातडी उघडी पडते. हाताला सनस्क्रीन किंवा तेल असेल तर ते पाण्यात उतरतं. डब्यातलं पाणी उन्हात काही मिनिटांत तापतं. आणि त्याचं भोक तेवढ्या वेळात दुसरा बळकावू शकतो. अंड्यांवर बसलेला नर असेल तर अंडी उघडी पडतात. त्याऐवजी काचेच्या तळाचा डबा पाण्यावर टेकवून त्यातून खाली पाहा, चकाकी आणि लाटांचं वेडंवाकडं थरथरणं दोन्ही जातं, मासा जागच्या जागी स्वच्छ दिसतो. मला आजवर याहून जास्त कशाची गरज पडलेली नाही.

किनारा संरक्षित क्षेत्रात येत असेल तर रिकामा शंख उचलायलाही मनाई असू शकते, ते आधी विचारून घ्या. तसंही रिकामं कवच रिकामं नसतं, कुणाचं तरी पुढचं घर असतं.

वहीत काय लिहायचं

तारीख, ओहोटीची वेळ आणि उंची, तुम्ही बसलात ती वेळ, ऊन की ढग. मग डबक्याचा कच्चा नकाशा. चित्रकला येत नसली तरी चालेल, भोकांना 1, 2, 3 असे आकडे द्या. कुठल्या भोकातून कोण किती वाजता बाहेर आलं, काय केलं, कुठे गेलं. “मासा दिसला” असं लिहू नका. “भोक 2, पूर्ण बाहेर, डाव्या कडेला चार वेळा खरवडलं, माझा हात हलल्यावर भोक 3 मध्ये शिरला” असं लिहा. तीन-चार खेपांनी हा नकाशा बोलायला लागतो. भोक 2 आणि 3 आतून जोडलेली आहेत हे मला असंच कळलं होतं.

माशाचा चेहरा काढा. गालावरचे ठिपके, डोळ्यातून जाणारे पट्टे, झिरमिळीचा आकार, एखाद्या पराला पडलेली चीर. रंग बदलतो, ठिपक्यांची मांडणी बरीचशी तशीच राहते, त्यावरून एकाच जातीतले दोन मासे वेगळे ओळखता येतात. फोटो काढायचा तर कॅमेरा पाण्याच्या पातळीपर्यंत खाली आणा, फ्लॅश बंद ठेवा, आणि एक फोटो पूर्ण बाजूने घ्या, ज्यात पाठीचा पर नीट दिसेल. जात ठरवायला समोरून काढलेला गोड चेहरा फारसा उपयोगी नाही. असे फोटो जागा आणि तारखेसह आयनॅचरलिस्ट या निसर्गनोंदींच्या संकेतस्थळावर टाकलेत तर जाणकार लोक जात ओळखायला मदत करतात. अंडी असलेल्या डबक्याची अगदी नेमकी जागा मात्र उघड करू नका, तिथे स्थळ धूसर ठेवायची सोय आहे.

पाणी फिरल्यावर

शेवटचा भाग लोक चुकवतात, कारण तोवर पाय अवघडलेले असतात. भरती सुरू झाली की सामान आवरा, परतीची वाट मोकळी आहे ना पाहा, आणि डबक्याच्या वरच्या बाजूच्या कोरड्या खडकावर जाऊन उभे राहा. कोरडा म्हणजे गेल्या भरतीतही न भिजलेला. पाणी परतण्याची वेळ माशांनाही कळते. शॅनी माशांना प्रयोगशाळेत, जिथे भरती-ओहोटी काहीच नाही अशा टाकीत ठेवलं, तरी ते काही दिवस साधारण साडेबारा तासांच्या अंतराने चळवळे होत राहिले. पाण्याचं घड्याळ त्यांच्या आत असतं.

वरून पाहा. पहिली लाट डबक्यापर्यंत पोचत नाही, तिचा फेस काठाला लागून मागे जातो. दुसरी-तिसरी काठावरून आत सांडते आणि तापलेल्या पाण्यात थंड पाण्याची रेघ उमटते. इतका वेळ एकेक डोकं दाखवणारी भोकं आता रिकामी होत जातात. पाळीखालून एक, भेगेतून एक, आणि जिथे काहीच नाही असं तुम्ही वहीत लिहिलं होतं त्या भोकातून दोन. मोजता आले तर मोजा आणि आकडा वहीत लिहा, घरी जाऊन आठवून लिहू नका.

पुढच्या ओहोटीची वेळही तिथेच लिहून ठेवा.